बावन्न टक्केवाल्यांची खिडकी

शिष्यवृत्तीच्या खिडकीवर सगळ्यात कमी कोण येतं, तर पन्नास ते साठ टक्क्यांच्या मधली मुलं. नव्वदवाले बापाला घेऊन येतात, मामाला घेऊन येतात, निकालाच्या दुसऱ्याच दिवशी येतात. काठावर पास झालेलाही कधीकधी बिनधास्त येतो. आपण पास झालो याचंच त्याला इतकं नवल वाटत असतं, की मागायची लाज वाटत नाही. मधला मात्र नोटीस बोर्डासमोर उभा राहतो, यादीचा मोबाइलमध्ये फोटो काढतो आणि निघून जातो. फोटो काढला की अर्ज भरल्यासारखं वाटत असावं.

पाथर्डी तालुक्यातल्या एका कॉलेजात मी लिपिक आहे. शिष्यवृत्तीचं टेबल माझ्याकडे बरीच वर्षं आहे. आधी कागदी अर्जांचे गठ्ठे बांधून एसटीने नगरच्या समाजकल्याण ऑफिसात पोचवायचो, आता सरकारच्या शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर ‘डेस्क वन’ म्हणून बसतो. मुलाने भरलेला अर्ज आधी माझ्याकडे येतो, मी पुढे ढकलला की प्राचार्यांच्या लॉगिनला आणि तिथून खात्याकडे. नाही पटला तर मी तो परत पाठवतो. ‘सर, माझा सेंड बॅक आलाय’ हे वाक्य जुलै ते फेब्रुवारी मी झोपेतसुद्धा ऐकतो. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय. कागदावर मी तेच लिहितो. कंडक्टरकडे तिकीट मात्र लोक अजून नगरचंच मागतात.)

ही मधली मुलं येत का नाहीत, याचा शोध फार लांब घ्यावा लागत नाही. आमच्या भागातल्या कुठल्याही झेडपीच्या शाळेत जा, ऑफिसच्या भिंतीवर ऑइलपेंटने रंगवलेला एक फलक असतो: स्कॉलरशिपधारक विद्यार्थी. पूर्वी ही परीक्षा चौथी-सातवीला असायची, पुढे काही वर्षं पाचवी-आठवीला झाली. त्या फलकावर ज्याचं नाव नाही, त्याला दहाव्या वर्षीच कळतं की हे आपलं काम नाही. पुढे बारावीला बावन्न टक्के पडले की ते पक्कंच होतं. त्यात गावोगावी गुणवंतांचे सत्कार. शाल, नारळ, ट्रॉफी आणि आमदारांसोबत फोटो. सत्काराला माझा विरोध नाही, पण त्या मंडपात खुर्च्या लावणारी पोरंही त्याच वर्षी पास झालेली असतात, एवढं दिसतं.

आणि बावन्न टक्के म्हणजे काय, हे आमच्याकडे निराळं असतं. पाथर्डी म्हणजे ऊसतोड मजुरांचा तालुका. दसरा-दिवाळी झाली की गाड्या निघतात सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, फडात उभी. मुलं कधी आजीकडे राहतात, कधी सोबत जातात. बारावीच्या बोर्डाचा फॉर्म भरायचा त्याच हंगामात, प्रॅक्टिकल त्याच हंगामात आणि लेखी परीक्षा हंगाम संपत येतो तेव्हा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने सरकारी वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये आली, त्यामुळे थोडा फरक पडतोय. तरी आमच्या रजिस्टरला नोव्हेंबर ते मार्च अनेक नावांपुढे सलग गैरहजेरी दिसते. त्या पाच महिन्यांतून पार होऊन आलेले बावन्न टक्के मला कमी वाटत नाहीत. पण माझ्या वाटण्याने फी भरली जात नाही.

म्हणून मुलगा खिडकीशी आला की मी गुणपत्रिका बाजूला ठेवतो. आधी विचारतो, वडील काय करतात? आई काय करते? जमीन किती, कोणाच्या नावावर? भावंडं किती, तू कितवा? राहणार कुठे? मुलं गोंधळतात. एकदा एकाने विचारलं, ‘सर, हे लग्नाचं चाललंय का स्कॉलरशिपचं?’

पण पैसे याच उत्तरांत असतात. हे कळायला मलाही काही वर्षं टेबलावर बसावं लागलं. कॉलेजात गुणांवर मिळणारी राज्य सरकारची खुली गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. तिला बारावीला निदान साठ टक्के लागतात आणि रक्कम महिन्याला १०० रुपये. वर्षाचे दहा महिने धरून हजार. अनुसूचित जातीच्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे, दहावीला ७५ टक्के लागतात, महिन्याला ३०० रुपये. आता याच्याशेजारी स्वाधार योजना ठेवा. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी ती २०१६-१७ पासून आहे. शहर बघून वर्षाला पुण्या-मुंबईत ६० हजारांपर्यंत, लहान ठिकाणी त्याहून कमी. तिला लागणारे गुण आहेत ५० टक्के, अपंग असेल तर ४०. म्हणजे ७५ टक्क्यांना वर्षाचे तीन हजार आणि ५० टक्क्यांना तीसचाळीस हजारांच्या पुढे. हा हिशोब मी मुलांना कागदावर मांडून दाखवतो, तोंडी सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत. गुणांवर मोठी रक्कम देणाऱ्या योजना नाहीत असं नाही. केंद्राची इन्स्पायर वर्षाला ८० हजार देते, पण ती बोर्डातल्या वरच्या एक टक्क्यासाठी आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी. तो एक टक्का आमच्या खिडकीवर क्वचितच दिसतो.

आमचे एक प्राध्यापक यावर नाराज असतात. त्यांचं म्हणणं, सरकारचा पैसा हुशारांना द्यावा, बाकीच्यांना दिल्याने शिक्षणाची किंमत राहत नाही. चहाच्या वेळी हा विषय निघतो. मी त्यांना एवढंच म्हणतो की हुशार पोराला गावातला सावकारसुद्धा पैसे देतो. त्याचं पुढे काहीतरी होणार हे सगळ्यांना दिसत असतं. ज्याचं काही दिसत नाही त्याची फी कोण भरणार? ते म्हणतात, मग त्याने शिकूच नये असं मी कुठे म्हटलं. चहा संपतो.

फीच्या बहुतेक सरकारी योजना तर गुण विचारतच नाहीत. प्रवेश नियमाने मिळाला, उत्पन्न मर्यादेत आहे, जातीची किंवा आर्थिक अट बसते, संपलं. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, खुल्या गटाच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेला आठ लाख. मुलींसाठी तर ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ झाली, तिथेही मर्यादा आठ लाखच. इंजिनिअरिंगला बसायला खुल्या गटाला बारावीच्या ठरलेल्या विषयांत ४५ टक्के लागतात, राखीव गटाला ४०. सीईटी दिली, प्रवेशफेरीतून जागा मिळाली की त्या मुलीच्या गुणपत्रिकेकडे फीसाठी पुन्हा कोणी बघत नाही.

आमच्याकडे घोळ होतो तो याच ‘प्रवेशफेरीतून’ शब्दापाशी. पन्नास-पंचावन्नचा मुलगा घाबरलेला असतो, बाप त्याहून जास्त. पहिल्या फेरीत नंबर लागला नाही की कोणीतरी भेटतं आणि सांगतं, मॅनेजमेंटच्या जागेवर आत्ताच करून टाकतो, नंतर जागा राहणार नाहीत. बाप उचलीतल्या पैशांतून टोकन देतो. एकदा व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश झाला की फीच्या या सवलती गेल्या, चार वर्षांसाठी गेल्या. तिसऱ्या फेरीपर्यंत थांबला असता तर कदाचित थोडं लांबचं, थोडं कमी नावाचं कॉलेज मिळालं असतं, पण फीची मोठी रक्कम सुटली असती. जूनमध्ये मी हे ओरडून सांगतो. प्राचार्य म्हणतात, अहो तुम्ही आपल्या कॉलेजचे लिपिक, इंजिनिअरिंगच्या जागांचं तुम्हाला काय? खरंय. पण बारावी आमच्याकडून झालेली असते, आणि ऑगस्टमध्ये रडत परत येतात ते माझ्याच खिडकीवर.

बापाच्या कामातून निघणाऱ्या योजना हा माझ्या आवडीचा भाग आहे, कारण तिथे कोणी शोधतच नाही. हंगाम संपल्यावर आमच्याकडची कितीतरी माणसं पुण्यात, चाकणला, रांजणगावला बांधकामावर जातात. वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या मजुराला राज्याच्या बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करता येते. नोंदणी जिवंत असेल तर त्याच्या पहिल्या दोन मुलांना शिक्षणाची मदत मिळते. साध्या पदवीला वर्षाला २० हजार, इंजिनिअरिंगला ६०. दहावी-बारावीत ५० टक्के मिळाले तर १० हजारांचं वेगळं प्रोत्साहन. बघा, सरकारलाही ५० टक्के प्रोत्साहन देण्याजोगे वाटतात. या नोंदणीचं दरवर्षीचं नूतनीकरण चुकवणारा बाप हा माझा सगळ्यात मोठा शत्रू. कार्ड असतं, प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपलेलं असतं, आणि मुदत दीड वर्षापूर्वी संपलेली असते. दुसरीकडे, आयुष्यात पाटी न उचललेला माणूसही ‘सर, आमचं पण कार्ड काढून द्या ना’ म्हणत येतो. ते मी करत नाही, आणि त्यामुळे गावात माझं नाव थोडं खराब आहे.

नगर, संगमनेरकडे बिडी वळणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती आहे, राष्ट्रीय पोर्टलवरून भरायची. आईचं बिडी कामगाराचं ओळखपत्र घरात असतं, पण ते दवाखान्यापुरतं आहे असंच घरात माहीत असतं. माजी सैनिकांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, मुलांना महिन्याला अडीच हजार, मुलींना तीन. तिला मात्र ६० टक्के लागतात. एका माजी हवालदाराच्या मुलाला सहाशेपैकी ३५८ होते. एकोणसाठ पूर्णांक सहासष्ट. हवालदारांनी मला दोनदा विचारलं, वरती साठच धरत नाहीत का? नाही धरत. दोन गुणांची ही रेघ आखणाऱ्याने ती कुठेतरी आखायलाच हवी होती हे मला कळतं. समोरच्या माणसाला ते समजावून सांगणं वेगळं.

ट्रस्ट आणि कंपन्यांचं जग आणखी निराळं. एलआयसीच्या सुवर्णमहोत्सवी शिष्यवृत्तीला साठ टक्के लागतात. काही बँकांच्या आणि कंपन्यांच्या योजना पंचावन्नपर्यंत खाली येतात, विशेषतः घरात आजारपण, मृत्यू, नोकरी जाणं असं काही झालं असेल तर. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्थेत वसतिगृहाला जागा देताना घरची परिस्थिती बघतात आणि नंतर मुलाकडून कामही करून घेतात. आमच्याकडून पुण्याला जाणाऱ्या मुलांना मी हा पत्ता आधी देतो. पुण्यात शिकण्याचा खर्च म्हणजे फी नव्हेच. तो कॉट बेसिसचा आणि मेसचा खर्च असतो.

अशा ट्रस्टांच्या आणि संस्थांच्या अर्जांत मुलांना स्वतःबद्दल लिहावं लागतं. आणि इथे मधल्या मुलाची खरी परीक्षा. दहापैकी नऊ अर्ज एकाच वाक्याने सुरू होतात: मला लहानपणापासूनच शिक्षणाची आवड असून समाजासाठी काहीतरी करण्याची माझी इच्छा आहे. हल्ली तर मोबाइलच ते लिहून देतो, शुद्ध आणि बिनचूक. मागच्या काही वर्षांतली एक मुलगी, बारावीला चोपन्न टक्के, असाच अर्ज घेऊन आली. मी तिला म्हटलं, हे राहू दे, दिवाळी ते होळी तू काय केलंस ते लिही. ती म्हणाली, ‘सर, त्यात काय लिहायचं? कोपीवर होते.’ कोपी म्हणजे ऊसतोडीच्या तळावरची झोपडी. तेच लिही म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने दीड पान आणलं. पहाटे चारला उठून सहा जणांच्या भाकरी. लहान भावाला सांभाळणं. मैत्रीण वर्गातले तास मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवायची, ते रात्री ऐकणं. रेंज यायला बांधावर जाऊन बसावं लागायचं. प्रॅक्टिकलसाठी उसाच्या ट्रकमध्ये बसून अर्धा रस्ता आणि उरलेला एसटीने. व्याकरणाच्या चुका होत्या, त्या मी तशाच ठेवल्या, फक्त नावं आणि तारखा तपासल्या. मुलाखतीत तिला अर्थशास्त्राचा प्रश्न विचारला नाही. विचारलं, उचल कशी फिटते? तिने टनाचा दर, मुकादमाचं कमिशन, आजारपणाचे खाडे, सगळा हिशोब मांडला. तिला शिष्यवृत्ती मिळाली. तिच्यासारखंच लिहिलेल्या दुसऱ्या एका मुलाला मिळाली नाही, हेही सांगायला हवं. जागा थोड्या असतात.

आमच्या ऑफिसात डॉ. आंबेडकरांचा फोटो आहे, तसा तो सगळ्याच सरकारी-निमसरकारी ऑफिसांत असतो. मुलांना ते विद्वत्तेचा डोंगर म्हणूनच माहीत असतात. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते, हे धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. मी मुलांना तिथल्या तिथे कॅल्क्युलेटरवर करायला लावतो. सदतीस पूर्णांक सहा टक्के येतात. त्या काळची मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक आणि आजची बारावी यांची तुलना होत नाही, हेही सांगतो, नाहीतर पोरं घरी जाऊन भलतंच काही सांगतील. पण मला त्यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. कॉलेजात असताना घरची पैशाची बाजू लंगडी पडली, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि बडोद्याकडून महिना २५ रुपये सुरू झाले. महाराज होते, मुलगा होता, मधला गुरुजी नसता तर दोघांची गाठ पडली नसती. नव्वद टक्केवाल्याला असे गुरुजी आपसूक मिळतात. बावन्नवाल्याला कोणी ओळखतही नाही. शिक्षकाला त्याचं आडनाव आठवत नाही, शिफारसपत्र द्यायचं तर काय लिहायचं हा प्रश्न. मी आता शिक्षकांना सांगतो, निदान एवढं लिहा की हा मुलगा हंगामाहून परत आला आणि परीक्षेला बसला. बरेच जण लिहितात.

मंजुरी मिळाली तरी पैसे हातात पडेपर्यंत काही खरं नसतं. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, तलाठ्याचा अहवाल, मग तहसील. सेतूच्या रांगेत बाप उभा राहू शकत नाही, कारण तो फडात असतो. पोर्टलवर व्हाउचर स्वतः जाऊन ‘रिडीम’ करावं लागतं, हे न कळल्यामुळे कितीजणांचे पैसे तसेच पडून राहतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आधारला कुठलं खातं जोडलंय हे मुलालाच माहीत नसतं. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. सिमकार्ड घेताना दुकानदाराने दोन बोटं टेकवून घेऊन उघडलेलं एखादं खातं असतं, त्यात स्वाधारचा हप्ता जाऊन बसतो आणि मुलगा सहा महिने माझ्याशी भांडतो. आता मी अर्ज बघायच्या आधी त्याला बँकेत पाठवून आधारची जोडणी तपासून आणायला लावतो. मुलं चिडतात. चिडू द्यावीत.

दुसऱ्या वर्षी आणखी गळती. एक विषय राहिला की मुलं धरून चालतात की शिष्यवृत्ती बंद झाली, आणि नूतनीकरणाचा अर्जच भरत नाहीत. प्रत्येक योजनेचा नियम वेगळा असतो. कुठे पुढच्या वर्गात गेलात एवढं पुरतं, कुठे हजेरी ७५ टक्के बघतात. विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायचं म्हणजे पुन्हा त्या खिडकीवर यायचं.

काहीजण मात्र फीपलीकडे कशातच बसत नाहीत. यंदा बीएच्या पहिल्या वर्षाला एक मुलगा आहे, एकोणपन्नास टक्के. खुला गट. वडिलांच्या नावावर सात एकर कोरडवाहू, म्हणजे पाच एकरांच्या, दोन हेक्टरच्या, मर्यादेबाहेर. त्यामुळे अल्पभूधारकाचा दाखला नाही आणि त्यावर चालणाऱ्या सवलतीही नाहीत. बांधकामावर घरचं कोणी जात नाही. सात एकरांत मागच्या वर्षी काय पिकलं ते त्याने सांगितलं, मी लिहून घेतलं नाही, कारण ते लिहायला अर्जात रकाना नाही. अनुदानित कॉलेजात बीएची फी तशी थोडीच, ती राजर्षी शाहू योजनेतून सुटेल. त्याला हवेत ते एसटीच्या पासचे आणि दुपारच्या जेवणाचे पैसे. त्याचं नाव मी पुणे विद्यापीठाच्या कमवा आणि शिका योजनेत घातलंय. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची योजना, तासावर पैसे, गुणांची विचारपूस नाही. ग्रंथपालांशी बोललो, ते म्हणाले जुन्या मासिकांचे गठ्ठे लावायचे पडलेत, पोरगा दे. सकाळची वेळ ठरवली आहे, कारण त्याच्या गावची दुपारची गाडी चुकली तर पुढची संध्याकाळी आहे. मस्टरवर रोज सही करायची, एकही दिवस राहिली तर महिन्याचं बिल अडकतं, हे मी त्याला आजच बजावलंय.